खुर्ची चांगली, पण बसवलेली उलटी

संपादक महोदय,

बैठ्या कामामुळे होणाऱ्या कंबरदुखीवर वर्तमानपत्रांतून बरंच छापून येतं. ‘दर अर्ध्या तासाने उठा’ हा सल्ला त्यात हमखास असतो आणि तो योग्यच आहे. मात्र उरलेली एकोणतीस मिनिटं ज्या खुर्चीत जातात, तिच्या कमरेच्या आधाराला आणि आर्मरेस्टना ती आल्या दिवसापासून कुणी हात लावलेला नसतो. लावलाच, तर उलट्या क्रमाने.

सुरुवात पायांपासून करावी. तळवे जमिनीवर सपाट टेकतील एवढीच बैठक उंच ठेवा. पार मागे सरकून बसा. बैठकीची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं अंतर हवं. बैठक याहून खोल असेल तर माणूस पुढे सरकून बसतो, आणि मग आधार कितीही चांगला असला तरी कमरेला लागतच नाही.

बसल्यावर कटिभाग मागे कलतो आणि कण्याचा कमरेजवळचा बाक सपाट होतो. तो बाक टिकवणं एवढंच आधाराचं काम. पाठीला पुढे ढकलणं नव्हे. आधाराचा सर्वांत फुगीर भाग कमरेच्या पट्ट्याच्या रेषेवर किंवा किंचित वर, म्हणजे दबलेल्या बैठकीपासून साधारण १५ ते २५ सेंमीवर यावा. बऱ्याच खुर्च्यांत तो बरगड्यांशी टोचत असतो. तपासायला फूटपट्टी नको. मागे टेकून बसा आणि कंबर व आधार यांच्यामध्ये तळहात सरकवा. सहज आरपार गेला तर आधार कमी पडतोय. शिरतच नाही आणि खांदेही मागे टेकत नाहीत, तर जास्त झालाय.

बऱ्याच खुर्च्यांची पाठ दोन्ही हातांनी उचलली की कट्‌कट्‌ करत एकेक खाच वर चढते आणि शेवटच्या खाचेपुढे उचलली की सुटून तळाशी येते. ती मोडलेली नसते, खाली आणायची रीतच ती! हे ठाऊक नसल्याने धडधाकट खुर्च्या ‘पाठ राहत नाही’ म्हणून कोपऱ्यात पडतात.

कमरेच्या आधारासाठी वरून बांधायची उशी घ्यायची तर दोन पट्ट्यांची घ्या. एका पट्ट्याची हळूहळू खाली घसरते. उशी जाड असेल तेवढी बैठक आखूड होते. बुटक्या माणसाला खोल खुर्चीत हे पथ्यावर पडतं, उंच माणसाच्या मांड्या मात्र अधांतरी राहतात.

आता आर्मरेस्ट. खांदे सैल सोडून कोपर अंगालगत काटकोनात धरा आणि आर्मरेस्ट कोपराला नुसता लागेल इतकाच वर घ्या. उंच राहिला तर खांदे दिवसभर उचललेले राहतात आणि मान आखडते. खाली राहिला तर माणूस एका कुशीला कलतो. दोन्ही बाजूंच्या खाचा मोजा, एक बाजू एका खाचेने वर राहणं फार सर्रास दिसतं. जाहिरातीतलं ‘फोर-डी’ म्हणजे उंची, रुंदी, मागे-पुढे आणि कोन. पहिल्या दोन सोयी असल्या तरी भागतं. आर्मरेस्ट टेबलाच्या कडेला अडून खुर्ची आत जात नसेल, तर ते खाली करा किंवा मागे घ्या. तेही जमत नसेल तर सरळ काढून टाका. पुढे वाकून टाइप करण्यापेक्षा ते बरं.

डुगडुगणारा आर्मरेस्ट लगेच आवळावा. बोल्ट बैठकीखाली असतात, बहुधा ५ किंवा ६ मिमीच्या ॲलन कीचे (षटकोनी टोकाच्या चावीचे). आधी सगळे हाताने अर्धवट बसवा, मग आळीपाळीने आवळा. जोर अती झाला तर प्लायवूडमधला दातेरी नट जागेवरच गोल फिरतो, आणि मग बोल्ट ना घट्ट होतो ना निघतो. हरवलेल्या बोल्टऐवजी मिळेल तो लावू नये: लांब असेल तर टोक फोममधून वर टोचतं, आखूड असेल तर दोन-तीन आट्यांवरच भार येऊन त्या झिजतात. बोल्ट मुळात सैल होतात ते उठताना सगळा भार एकाच आर्मरेस्टवर टाकल्याने आणि खुर्ची आर्मरेस्टना धरून उचलल्याने. उचलायची तर बैठकीखाली हात घालून उचलावी.

आपला,
एक वाचक