सागरी मत्स्यालयाच्या एलईडी दिव्यातील सदोष ‘अ‍ॅक्लिमेशन मोड’बाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीचा एलईडी दिवा मी पुण्यातील अधिकृत विक्रेत्याकडून विकत घेतला. त्याआधी माझ्या टाकीवर टी-५ फ्लुरोसंट नळ्या होत्या आणि मशरूम, झोअँथिड व लेदर या जातींचे कोरल (प्रवाळ) त्या सौम्य प्रकाशाला सरावलेले होते. त्यांना तीव्र प्रकाशाची सवय सावकाश लावावी लागते, म्हणूनच खोक्यावर ठळक छापलेली ‘अ‍ॅक्लिमेशन मोड’ (प्रकाश टप्प्याटप्प्याने वाढवणारी) ही सुविधा पाहून मी हा दिवा निवडला. माझी तक्रार त्याच सुविधेबद्दल आहे.

मी सुरुवातीची तीव्रता ३० टक्के आणि वाढीचा कालावधी ४ आठवडे ठेवला होता. मात्र वीज जाऊन परत आली की दिव्याचे घड्याळ शून्यावर येते, ठरवलेले टप्पे पुसले जातात आणि दिवा थेट १०० टक्क्यांवर लागतो. आमच्याकडे वीज जाणे ही काही अपूर्वाईची गोष्ट नाही. भारतात विकायच्या उपकरणात तिचा विचारच झालेला नसावा, याचे नवल वाटते.

दुसरा दोष अधिक फसवा आहे. या मोडमध्ये केवळ पांढरे एलईडी मंद होतात, निळे व जांभळे मात्र पूर्ण क्षमतेने चालू राहतात. निळा प्रकाश डोळ्यांना फारसा प्रखर वाटत नाही, त्यामुळे टाकी अंधुक दिसते. पण कोरलमधील सहजीवी शैवाल प्रकाशसंश्लेषणासाठी तोच भरपूर वापरते. मित्राच्या पार मीटरने (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश मोजणाऱ्या यंत्राने) मोजले असता, दिवा ३० टक्के दाखवत असताना आलेला आकडा पूर्ण तीव्रतेच्या आकड्याच्या निम्म्याहून अधिक होता.

अचानक वाढलेला प्रकाश शैवालाला पेलला नाही, की पेशींत ऑक्सिजनची घातक रूपे साचतात आणि कोरल ते शैवाल बाहेर टाकून पांढरा पडतो. माझ्या टाकीत वरच्या खडकावरील मशरूम आकसले व फिकट झाले, झोअँथिड उमलेनासे झाले. त्याच जातींचे खाली सावलीत असलेले कोरल मात्र ठणठणीत आहेत. आपल्या प्रतिनिधीने दूरध्वनीवर पाण्याला दोष दिला, परंतु पाणी तर दोघांनाही तेच मिळते. ‘नवीन कोरल आणा’ हा त्यांचा सल्लाही मला मान्य नाही. कठीण सांगाड्याचे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्रजातींच्या यादीत असल्याने मी केवळ मऊ कोरल पाळतो, आणि तेही खात्रीच्या ठिकाणाहून मिळवताना बराच काळ जातो.

तरी दिव्याची पूर्ण किंमत परत करावी, किंवा वीज गेल्यावरही टप्पे लक्षात ठेवणारा आणि सर्व रंगांचे एलईडी एकाच प्रमाणात मंद करणारा दिवा बदलून द्यावा. शिवाय दिव्याची पाण्यापासूनची उंची व टक्केवारी यांनुसार मिळणाऱ्या पार मूल्यांचा तक्ता माहितीपुस्तिकेत द्यावा, कारण ३० टक्के म्हणजे नेमका किती प्रकाश हे त्याशिवाय ग्राहकाला कळण्याची सोय नाही.

देयकाची प्रत, मोजमापांची छायाचित्रे आणि वीज परत आल्यानंतरचे चित्रीकरण सोबत जोडले आहे. १५ दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.

आपला,
एक ग्राहक, पुणे