तुझी यादी मिळाली

प्रिय मंजू,

गर्भपात कशाकशाने झाला असेल म्हणून सोनोग्राफीच्या पाकिटामागे पेन्सिलीने लिहिलेली तुझी यादी वाचली. 'जिना. कॉफी. रात्रपाळी. बादली. भांडण.' भांडणाखाली दोन रेघा. आधी रडू आलं, मग तुझा रागच आला.

अगं, पुष्कळदा रक्त दिसतं त्याच्या कितीतरी दिवस आधी, कधी काही आठवडे आधी, गर्भाची वाढ थांबलेली असते. तूच म्हणालीस ना, नवव्या आठवड्यात तपासलं तेव्हा वाढ सहा आठवड्यांएवढीच होती? मग आठव्या आठवड्यातल्या भांडणाचं त्यात काय? दिवस गेल्याचं कळल्यावरही दर शंभरातल्या दहा ते वीस जणींचा गर्भ टिकत नाही, आणि सुरुवातीच्या महिन्यांतल्या सुमारे निम्म्या गर्भपातांत गुणसूत्रांचीच गडबड असते. ती बहुतेक वेळा बीज तयार होतानाच झालेली असते. जिने चढून गुणसूत्रं बदलत नाहीत गं.

यादीतलं सगळंच खोटं आहे असंही म्हणत नाही, तुला ते पटणारच नाही. सिगारेट, दारू, वजन फार जास्त किंवा फार कमी असणं, यांनी धोका वाढतो. कॉफीचं म्हणशील तर दिवसाला 200 मिलिग्रॅम कॅफीनच्या आत राहा म्हणतात, म्हणजे साधारण दोन कप. तू एकच घेत होतीस! रात्रपाळी आणि रोज 20 किलोहून जास्त ओझं उचलणं, या दोन्हींचा गर्भपाताशी संबंध डेन्मार्कमधल्या मोठ्या अभ्यासात दिसला होता. पण तो हिशोब हजारो बायकांचा. तुझ्या पोटात नेमकं काय झालं, हे त्यावरून कुणालाच सांगता येणार नाही. तुझ्या सासूबाईंनाही नाही.

आणि काय गं, यादीत सगळं तुझंच कसं? महेशच्या सिगारेटी कुठे आहेत? बापाच्या धूम्रपानानेही धोका वाढतो. पुढच्या वेळेसाठी बदलायचं असेल तर दोघांनी बदला, आणि रात्रपाळीचं ऑफिसात आधीच बोलून घे. फॉलिक ॲसिड सुरू ठेव. ते बाळाच्या मेंदू-मणक्यासाठी असतं, गर्भपात टाळण्यासाठी नव्हे, एवढं लक्षात ठेव. थायरॉईड तपासायचं का, तेही डॉक्टरांना विचारू.

रविवारी येते. यादी तुझीच आहे, परत आणते. पाकिटाची आतली बाजू कोरी आहे, डॉक्टरांना काय काय विचारायचं ते तिथे लिहू. पेन्सिल तू काढून ठेव.

तुझीच,
शुभा