केसपेपरवर उपवासाचीही नोंद हवी

मा. संपादक,
स. न.

उपवास आणि औषधं यांवरचा आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. एकादशी, नवरात्र, रोजे सगळं त्यात आलं. आमचा योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा निर्जळी उपवास, तेवढा राहिला. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तेही इथे जमत नाहीत; सणाला पुणं गाठावं लागतं. तेव्हा राहिलेलं मीच लिहितो.

२०२५ मध्ये योम किप्पूर नेमका दसऱ्याला, २ ऑक्टोबरला आला. त्याच्या थोडं आधी जिन्यावरून घसरून माझं डावं मनगट मोडलं. रोज सकाळच्या प्रार्थनेला आम्ही तेफिलीन बांधतो: चामड्याची एक डबी डाव्या दंडावर, एक कपाळाच्या वर. दंडावरची डबी थेट कातडीला लागावी लागते. प्लास्टर घालण्याआधी मिरजेच्या डॉक्टरांना हे सांगितलं. त्यांनी फोटो पुन्हा पाहिला आणि म्हणाले, "कोपराखालीच पुरेल, काका." दंड मोकळा राहिला. हातावरचे पट्ट्याचे वेढे प्लास्टरवरून घेतले, त्याला धर्माची हरकत नाही. पट्टा ओढायला मुलगा उभा राहायचा.

उपवासाचं मात्र त्यांनी साफ नाकारलं. मला मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. शेजारी मायेने म्हणाले, "देव समजून घेईल, यंदा सोडा." पण यात सोडण्यासारखं काही नव्हतंच. वैद्य सांगतील तर आजाऱ्याला त्या दिवशीही खाऊ घालावं, हे मिश्ना या आमच्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथातच आहे. आजारी माणूस स्वतः मागत असेल, तर वैद्य नको म्हणाले तरी द्यावं, असं त्यावरची चर्चा असलेला तालमूद हा ग्रंथ सांगतो. थोड्यावर भागत असेल तर एका वेळी मोठ्या खजुरापेक्षा कमी खायचं, पाणी गालभरापेक्षा कमी प्यायचं आणि मध्ये काही मिनिटं थांबायचं. तेवढ्याने भागणार नसेल तर पोटभर खायचं. डॉक्टरांनी इन्सुलिनचं प्रमाण त्याप्रमाणे बसवून दिलं. चमचाभर मऊ भात, मग घड्याळ, मग पुन्हा चमचा, असा माझा योम किप्पूर झाला आणि तो पुरा झाला असंच मी मानतो.

हे जमलं ते डॉक्टरांशी आधी बोलणं झालं म्हणून. आमच्या गल्लीतल्या एक मावशी पाय मोडलेला असताना नवरात्रभर उपाशीपोटी वेदनाशामक गोळ्या घेत राहिल्या. रागावतील म्हणून दवाखान्यात बोलल्याच नाहीत. सांगली-मिरजेच्या डॉक्टरांना विनंती आहे, केसपेपरवर मधुमेह, रक्तदाब विचारता तिथेच उपवास आणि पूजाअर्चेचं काय, हेही विचारून लिहून घ्या.

— एक बेने इस्राएल वाचक, विश्रामबाग, सांगली