घोड्याचा नाल आणि फेसेंजान

तेहरान, 24 डिसेंबर

प्रिय मास्तर,

तुझं पत्र पोचलं. "दीड वर्ष झालं इराणात, कबाबापलीकडे काही खातोस की नाही?" हा तुझा टोमणा मी घरमालकीणबाईंना फारसीत करून सांगितला. त्या हसल्या नाहीत. उठून आत गेल्या, फडक्यात गुंडाळलेला एक घोड्याचा नाल आणून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "यलदाच्या दिवशी सकाळीच खाली ये. मित्राला लिहायला काहीतरी मिळेल." तेव्हा हे लांबलचक पत्र तू स्वतःहून ओढवून घेतलं आहेस.

यलदा म्हणजे इथली वर्षातली सगळ्यात मोठी रात्र, 20 किंवा 21 डिसेंबरची. डाळिंबं, कलिंगड, सुकामेवा मांडून सगळं घर उशिरापर्यंत जागतं आणि वडीलधारं माणूस हाफेज या जुन्या फारसी कवीचा दीवान (काव्यसंग्रह) उघडून एकेकाचं भाकीत काढतं. 2022 साली युनेस्कोने यलदा वारशाच्या यादीत घेतली, हे हाज आगांनी मला आजवर तीनदा सांगितलंय. (हाज आगा म्हणजे घरमालक, हाज खानुम म्हणजे मालकीणबाई. वयस्कर माणसांना इथे असंच म्हणतात, यात्रा झालेली असो वा नसो.) आणि या घरात त्या रात्री जेवायला एकच पदार्थ असतो, खोरेश्त-ए-फेसेंजान. बोलताना 'फेसेंजून'. लिहायचं 'आन' आणि बोलायचं 'ऊन', ही तेहरानी खोड. नान मागायला गेलो की 'नून' म्हणावं लागतं.

खोरेश्त म्हणजे आपलं कालवण, भाताबरोबर खायचं. पण फेसेंजान रोजचं नव्हे. अक्रोड महाग आणि अर्धा दिवस चुलीपाशी जातो, म्हणून लग्नकार्य, नवा जावई, परदेशातून आलेला मुलगा अशाच वेळी होतं. त्यात काय पडतं ते ऐकून मला पहिल्यांदा फसवल्यासारखं वाटलं होतं. अक्रोड, डाळिंबाचा आटवलेला रस, कोंबडी, कांदा, चिमूटभर हळद. आलं नाही, लसूण नाही, मिरची तर नाहीच. आपल्याला वाटतं मसाला नाही म्हणजे आजाऱ्याचं जेवण.

हाज खानुम मूळच्या रश्तच्या, कास्पियन समुद्राकाठच्या गिलानातल्या. वाळवंटी इराण विसर. तिकडे धो धो पाऊस, भातखाचरं, उतरत्या छपरांची घरं. फोटो दाखवले तर तू चिपळूण म्हणशील. फेसेंजान तिकडचंच, आणि मूळचं बदकाचं. अंझलीच्या खाजणात हिवाळ्यात रानबदकं उतरतात, त्यांचं. कोंबडी ही शहरी सोय. गिलानात ते आंबट करतात. हाज आगा पडले तेहरानचे, त्यांना गोड लागतं. चव्वेचाळीस वर्षं संसार झाला, पण साखरेचा तह अजून व्हायचाय. त्या रात्रीही बाई भात बघायला वळल्या तसे आगांनी पातेल्यात दोन चमचे साखर टाकली आणि मला डोळा घातला. बाईंनी मागे न बघता विचारलं, "किती?" आमटीतल्या गुळावरून तुझ्या आईचं आणि काकूंचं जे चालायचं, त्याचीच आठवण झाली.

आता कृती. तू रसायनाचा मास्तर, तेव्हा नीट वाच.

अर्धा किलो अक्रोड. आधी एक चावून बघायचा. खवट निघाला तर सगळा खटाटोप फुकट, कारण या कालवणाला लपायला जागाच नाही. मग खिम्याच्या यंत्रातून दोनदा काढायचे, अगदी पिठासारखे होईपर्यंत. कोरड्या पातेल्यात जरा परतून थंड पाणी घालायचं, साधारण दीड लिटर, आणि उकळी आली की आच अगदी बारीक. पहिले दोन तास ते राखाडी, पांचट दिसतं. भिंतीला लावायच्या रंगासारखं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा याच पायरीवर हिंमत खचली होती. त्यात फोन आला, बोलत गॅलरीत गेलो, परत येईतो तळाला लागलेलं. अक्रोड बेसनापेक्षा लवकर लागतो. मग मी शहाणपणा करून तळ खरवडला आणि जळका वास सगळ्या पातेल्यात पसरवला. खरं तर न खरवडता वरचं दुसऱ्या भांड्यात ओतायचं. पिठल्याच्या वेळी तू मला खोलीवर हेच ओरडून सांगायचास, ते इतक्या वर्षांनी पटलं.

मधूनमधून बाई त्यात बर्फाचे चार-पाच खडे टाकतात. उकळत्या कालवणात बर्फ! एकदम गार झालं की अक्रोड तेल सोडतो म्हणतात. तीनदा टाकला आणि तिसऱ्यांदा खरोखर कडेने तपकिरी तेल वर यायला लागलं. यामागचं शास्त्र तू मला लिहून पाठव. 'तेल सुटणं' हे आपण वाटणाबद्दल म्हणतो. यांचा शब्द 'जा ओफ्तादन', शब्दशः 'जागेवर पडणं'. कालवण जागेवर पडलं की झालं. किती वेळ लागेल असं विचारलं की घड्याळातलं उत्तर मिळत नाही, "जागेवर पडेल तेव्हा" एवढंच. गंमत म्हणजे नव्या सुनेबद्दल, नव्या नोकरीबद्दलही हाच शब्द. हाज खानुम फोनवर बहिणीला माझ्याबद्दल सांगत होत्या, "अजून जागेवर पडला नाही बिचारा." मी जिन्यात उभा राहून ऐकलं. रागावायचं होतं, पण व्याकरण इतकं चोख होतं की वहीत लिहून घेतलं.

तेल सुटल्यावरच कांदा-हळदीत परतलेली कोंबडी घालायची, आणि मग 'रोब'. रोब म्हणजे आंबट डाळिंबाचा रस आटवून केलेला काळसर पाक, दिसायला काकवी, चवीला चिंचेच्या कोळाच्या वरताण. अर्धा किलो अक्रोडाला साधारण एक वाटी. पण तो दोन-तीनदा चाखत घालायचा, कारण दर बाटलीचा आंबटपणा वेगळा. अक्रोड उष्ण, डाळिंब थंड, म्हणून दोघांची गाठ घालून देतात असं बाई म्हणतात. इथे गर्मी-सर्दीचा हिशेब आपल्या आजीइतकाच कडक. नुसते अक्रोड खाल्ले की तोंड येतं, हेसुद्धा अगदी तसंच.

आता नाल. रोब घालून तास झाला तरी रंग मातकटच होता. बाईंनी नाल घासून धुतला, गॅसच्या आचेवर लाल होईतो तापवला आणि चिमट्याने उचलून पातेल्यात सोडला. चर्र! वाफ छतापर्यंत. पंधरा-वीस मिनिटांत कालवण काळंभोर होत गेलं. नाल त्यांच्या आजीचा. काहीजणी मोठा खिळा टाकतात. "जादू?" म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "लोखंड." लोखंडी कढईत आवळा का काळा पडतो ते तू पोरांना शिकवतोसच. अक्रोडाच्या सालीत आणि डाळिंबात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, त्याला लोह भेटलं की काळं. पण मला तिथे उभ्या उभ्या वेगळंच सुचलं. इथल्या जुन्या हस्तलिखितांच्या शाईच्या कृतीत काजळी आणि डिंकाबरोबर माजुफळ असतं (तेच ते, आपल्या बाळगुटीतलं मायफळ) आणि 'जाज', म्हणजे हिराकस. टॅनिन आणि लोह! दिवसभर ग्रंथालयात मी जे काळं वाचतो आणि त्या रात्री ताटात जे काळं होतं, ते एकाच युक्तीने काळं झालेलं. हे मी भरल्या घरात उत्साहाने सांगितलं. हाज आगा गंभीरपणे म्हणाले, "मग कागद आण, चमच्याने लिहू."

भात वेगळा. त्याच्या तळाची खरवड, ताह्-दीग, हिच्यासाठी नातवंडांत हाणामारी झाली आणि पाहुणा म्हणून सगळ्यात मोठा तुकडा माझ्या ताटात आला. नको नको म्हणायचं, त्यांनी आग्रह करायचा, तिसऱ्यांदा घ्यायचं. आपल्या पंगतीत वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पहिला घास आंबट लागला, मग अक्रोडाचा स्निग्धपणा आला, आणि गिळल्यावर किंचित गोड, म्हणजे आगांचे दोन चमचे. जेवण झाल्यावर बाईंना म्हणायचं, "तुमचा हात न दुखो." त्या म्हणतात, "नूश-ए-जान", म्हणजे जिवाला गोड लागो. मला तिथे नेहमी वाटतं, आपण मराठीत जेवून उठताना स्वयंपाक करणारीला काय म्हणतो? "मीठ जरा कमी होतं."

तू करून बघ. अक्रोड काश्मिरी चालतील. आपला सोलापूरकडचा भगवा डाळिंब मात्र नुसता आटवू नकोस, तो फार गोड. लिंबू पिळून आंबट करावा लागेल. फेब्रुवारीत येताना रोबच्या दोन बाटल्या आणतो, त्याच वापर. तुझ्या आईसाठी कोंबडीऐवजी लाल भोपळ्याच्या जाड फोडी घाल, तसंही इथे करतात, फक्त त्या शेवटी घालायच्या, नाहीतर विरघळतील. आणि जुन्या बाजारात एखादा नाल मिळतो का बघ. नाही मिळाला तर तुमच्या प्रयोगशाळेतला खिळा नको हं, घरचा स्वच्छ घे.

हाज खानुमांनी विचारलंय की तुमच्याकडे सणाला एवढा वेळ कशाला लागतो. मी पुरणपोळी म्हणालो. डाळ शिजवून, गोड करून, पोळीत भरायची, हे त्यांना अजून खरं वाटत नाही. तेव्हा वहिनींना विचारून कृती पाठव, वजनं-मापांसकट. त्या 'अंदाजे' हा शब्द चालवून घेत नाहीत. आणि इथे हरभऱ्याची डाळ मिळते, गूळ मिळत नाही, त्याचं काय करायचं तेही लिही.

तुझा,
मोडीवाला