फॅबला कोटी, फेलोशिपला तारीख पे तारीख

महोदय,

२०२१ मध्ये सेमीकंडक्टर चिप आणि ती बनवणारे कारखाने (फॅब) यांसाठी केंद्राने ७६ हजार कोटी मंजूर केले, चांगलंच झालं. मी नागपुरात झिंक ऑक्साइड या सेमीकंडक्टरच्या नॅनोरॉडवर (अतिसूक्ष्म कांड्यांवर) पीएचडी करते. ज्युनिअर रिसर्च फेलोशिप २०२३ पासून दरमहा ३७ हजार आहे, कागदावर. हाती येते ती महिनोन्‌महिने थकून, घरमालकाला मात्र भाडं एक तारखेलाच लागतं. त्यात मे महिन्यात वीज गेली की ट्यूब फर्नेस (नमुने तापवायची नळीची भट्टी) मधेच थंडावते, अख्खी बॅच वाया. (गाइड म्हणतात, रात्री येत जा!) पुढे काय, तर तासिका तत्त्वावर शिकवणं. कायम पदं भरतच नाहीत. चिपसाठी माणसं हवी असतील तर आधी फेलोशिप वेळेवर खात्यात टाका आणि प्राध्यापक भरतीची जाहिरात काढा.

– एक संशोधक विद्यार्थिनी, धरमपेठ, नागपूर