बाय, मी दहावी पास झाले

वेंगुर्ला
ऑगस्ट 2024

प्रिय बाय,

फोनवरच सांगणार होते पण तुझ्याकडे कायम ट्रेनचा आवाज आणि माझ्याकडे पावसात रेंज नाही, आणि खरं सांगू, फोनवर मला रडूच आलं असतं, म्हणून रात्री सगळे झोपल्यावर मोबाईलवर टाईप करत बसलेय, चुका सांभाळून घे.

मी दहावी पास झाले गो. पुरवणी परीक्षेचा निकाल लागला, गणितात 41. बाकीचे सगळे विषय मार्चलाच सुटले होते, गणित तेवढं राहिलं होतं, तेही सुटलं. तुला एका शब्दाने बोलले नाही म्हणून तू रागावशील ते माहीत आहे. वर्षभर आपण दर आठवड्याला बोललो, तू नालासोपाऱ्याच्या पाण्याचं सांगायचीस, मी काजूचा दर काय पडला ते सांगायचे, आणि ही एवढी मोठी गोष्ट मी पोटात ठेवून होते. नापास झाले असते तर ते तुला कळायला नको होतं, एवढंच कारण. आणि मार्चला झालेच होते नापास.

तुला आठवतं ना, 1999 च्या पावसाळ्यात आपण दोघी एकदमच घरी बसलो. मी नववीत जाऊन दीड महिना झाला होता, आई अंथरुणाला खिळली, भावंडं बारकी, कोणीतरी घरी राहायला हवं होतं. कोणी मला शाळा सोड असं तोंडाने म्हटलं नाही, पण सकाळच्या यष्टीचे पैसे कोणी हातावर ठेवेनासं झालं. तुझं तर लग्नाचंच बोलायला लागले होते. आपण नदीवर कपडे धुवायला जायचो तेव्हा हायस्कूलच्या पोरी वरच्या रस्त्याने जायच्या आणि आपण दोघी मान वर करत नव्हतो. यावर आपण आजपर्यंत कधीच बोललो नाही. पंचवीस वर्षं झाली.

त्यानंतर कुठेही शिक्षण विचारलं की मी दहावी सांगायचे. लग्नाच्या वेळी सांगितलं, दवाखान्यात सांगितलं, पोराच्या शाळेत आईचं शिक्षण म्हणून लिहिलं. दर वेळी लिहिताना हात थांबायचा पण लिहायचे. गेल्या वर्षी बचत गटातल्या एका कामासाठी माझं नाव सगळ्या बायकांनी पुढे केलं, हिशोब मीच ठेवते ना दहा वर्षं, आणि मग मॅडम म्हणाल्या दहावीच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स आणून द्या. मी घरी शोधते म्हटलं. दोन आठवडे शोधते शोधते करत राहिले आणि मग सांगितलं की मला ते काम नको, वेळ नाही. ते काम दुसरीला गेलं. त्या रात्री ह्यांना सगळं सांगितलं, लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर. हे काही बोललेच नाहीत, नुसते बसून राहिले, मग म्हणाले, "मग आता कर." बस, एवढंच.

आता कसं केलं ते नीट सांगते, कारण ते तुझ्यासाठी आहे.

याला सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात. ज्यांनी मध्येच शाळा सोडली ते खाजगी विद्यार्थी म्हणून थेट दहावीला बसू शकतात, कमीत कमी पाचवी पास पाहिजे आणि वय चौदा पूर्ण, वरती वयाची अट नाही. फॉर्म ऑनलाईन भरायचा, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो, आणि मग एक हायस्कूल संपर्क केंद्र म्हणून मिळतं, तिथे कागद नेऊन द्यायचे, तोंडी आणि प्रात्यक्षिकही तिथेच. पेपर तोच जो रोज शाळेत जाणाऱ्या पोरांना असतो, सर्टिफिकेटही बोर्डाचंच. आपल्या वेळी बोर्ड कोल्हापूरला होतं ना, आता कोकणचं वेगळं आहे, रत्नागिरीला. दुसरी वाट मुक्त विद्यालयाची आहे, केंद्र सरकारची, एनआयओएस म्हणतात. त्यात पाच विषय आणि पाच वर्षांत नऊ वेळा बसता येतं, सुटेल तो विषय सुटला. ज्यांना एकदम सगळं झेपणार नाही त्यांना ती वाट चांगली. मी सतरा नंबर घेतला कारण आमच्या वाडीतले रिटायर गुरुजी म्हणाले की बोर्डाची पुस्तकं मला शिकवता येतील.

सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला तर दाखल्याचा. शाळेत गेले तर जुनं रजिस्टर मिळेना, उद्या या, परवा या, क्लार्क रजेवर आहे. चार हेलपाटे झाले, लावणीचे दिवस, एकेक दिवसाची मजुरी गेली. पाचव्या वेळी मी तिथे बाकड्यावर बसूनच राहिले, म्हटलं सापडेपर्यंत बसते. सापडलं. वाळवीने एका बाजूने खाल्लेलं, पण माझं नाव पूर्ण होतं आणि माझ्याखाली दोन ओळी सोडून तुझं. शेरा दोघींच्या पुढे एकच, "सतत गैरहजर". बाय, ते वाचून मला काय झालं ते मला लिहिता येत नाही. आपण काय उनाडक्या करत फिरत होतो का? मी आईचं हगणंमुतणं काढत होते आणि तू हळदीला उभी होतीस, आणि कागदावर काय, तर सतत गैरहजर.

अभ्यास रात्रीच. दिवसभर काजू फॅक्टरी, घरी येऊन स्वयंपाक, मग साडेनऊला पुस्तक. माझ्या सासूबाई, मी त्यांना आई म्हणते, तुला माहीत आहेत, अक्षर ओळख नाही. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "आता ह्या वयात खयचा शिक्षण?" पण मग समोर येऊन बसल्या, सुपात तांदूळ निवडत, आणि म्हणाल्या, "मोठ्यान वाच गो, माका आयकाक येणा नाय." मग रोजच मोठ्याने. मराठीच्या पुस्तकात नामदेवांचा अभंग आहे, मी अर्थ पाठ करत बसले होते तर आईंनी तांदूळ बाजूला ठेवून मला तो समजावून सांगितला, वासराचं आणि गाईचं कसं असतं, पाखराचं आणि पिलाचं कसं, आणि त्या रात्रीनंतर ती कविता मला पाठ करावी लागली नाही.

भूगोलाचं तर तुला सांगायलाच हवं. दहावीला आता भूगोल म्हणजे भारत आणि ब्राझील, अख्खं पुस्तक दोन देशांची तुलना. मला वाटलं काय करायचाय मला ब्राझील. तर गुरुजी म्हणाले, अगो तू दिवसभर हातात काय धरतेस? काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी गोव्यात आणला आणि तिथून आपल्याकडे पसरला, काजू हा शब्दसुद्धा तिथल्या आदिवासींच्या बोलीतून पोर्तुगीजांकडे आणि त्यांच्याकडून आपल्याकडे आला. दुसऱ्या दिवशी कटिंगला बसले तेव्हा पायाने मशीन दाबताना प्रत्येक बी बघत होते गो. चारशे-साडेचारशे वर्षं झाली असतील ह्या झाडाला इथे येऊन, आणि आपण त्याला आपलंच समजतो, वेंगुर्ला चार, वेंगुर्ला सात म्हणून जाती निघाल्या आपल्या नावाच्या. माझ्या बाजूच्या बायकांना सांगितलं तर त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या त्याच्यावरच बोलत होत्या. नंतर रोज विचारायच्या, आज काय वाचलंस.

गणितात पण काजूच कामाला आला. सांख्यिकीत वर्ग असतात, 200 ते 220, 220 ते 240 असे, मला ते डोक्यात जाईना. मग एकदा ग्रेडिंगच्या टेबलावर उभी असताना उजेड पडला, की हे तर आमचं रोजचं! 240 चा माल म्हणजे एका पौंडात 220 ते 240 गर, 320 चा म्हणजे 300 ते 320. नंबर जितका मोठा तितका गर बारीक आणि भाव कमी. मी दहा वर्षं बोटांनी जे करत होते त्याला पुस्तकात नाव होतं.

आणि दीपगृहाचं गणित. त्रिकोणमितीत एक उदाहरण आहे, 90 मीटर उंच दीपगृहावरून जहाज बघताना 60 अंशाचा अवनत कोन होतो, तर जहाज किती लांब. अवनत कोन म्हणजे नक्की कुठला तेच मला कळेना, आकृती चुकायची. हे चौथी शिकलेले, बोटीवर जाणारे. मी चिडून वही फेकली तर मला संध्याकाळी बंदरावर घेऊन गेले, दिवा दिसतो तिथे उभं केलं आणि म्हणाले, "बोटीतसून दिवो जितको वर दिसता, तितकीच बोट दिव्याकडसून खाली दिसता." बाय, व्युत्क्रम कोन! गुरुजींनी तीनदा सांगितलेलं तेच. घरी येऊन सोडवलं, 90 भागिले वर्गमूळ 3, म्हणजे 30 गुणिले 1.73, उत्तर 51.9 मीटर. ह्यांना सांगितलं तर घाबरले, म्हणाले एवढ्या जवळ जहाज आणायचं नाही, खाली खडक असतो.

परीक्षा मार्चमध्ये, म्हणजे ऐन काजूच्या सीझनमध्ये. परीक्षेच्या आधी दोन आठवडे मी कटिंग सोडून सोलायला बसले, मजुरी कमी पण हात साफ राहतात म्हणून. तरी काजूच्या तेलाचं काळं काय लवकर जातं का, कातडीच निघते तेव्हा जातं. उत्तरपत्रिकेवर सूचना असते की ओळख पटेल अशी कुठलीही खूण करू नये, आणि मला वाटलं माझ्या बोटांचा काळा डाग पडला तर पेपर रद्द करतील. म्हणून मी डाव्या हाताखाली पांढरा रुमाल ठेवून सगळे पेपर लिहिले. शेवटच्या पेपरला सुपरवायझर बाईंनी विचारलं रुमाल कशाला, मी हात दाखवले. त्या बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "लिहा ताई, काही होत नाही त्याने." नंतर दोनदा माझ्या बाकाशी येऊन पाणी हवं का विचारून गेल्या.

बीजगणिताच्या पेपरला एकाच गणितात अडकून अर्धा तास घालवला आणि तिथेच गेला विषय. 27 मेला एक वाजता निकाल. टीव्हीवर सगळीकडे कोकण, कोकण, 99.01 टक्के, राज्यात पहिलं, आणि पोराने मोबाईलवर माझा निकाल काढला, गणित 22. ते आकडे रोज शाळेत जाणाऱ्या मुलांचे, मला माहीत आहे, पण त्या दुपारी मला वाटलं की अख्खं कोकण पास झालं आणि मीच तेवढी उरले. परसात जाऊन बसले. आई आल्या, बाजूला बसल्या, आणि खूप वेळाने विचारलं, "मगे परत कधी हा परीक्षा?" मी म्हटलं जुलैत. "मगे वाच तर."

जुलैचं लिहिण्यासारखं काही नाही. पाऊस, चिखल, एक विषय, रात्रंदिवस बीजगणित. गुरुजींनी वर्गसमीकरणं माझ्याकडून इतक्या वेळा करून घेतली की झोपेत सूत्र म्हणायचे असं हे सांगतात.

आता तुझं. गेल्या चतुर्थीला तू माळ्यावर माझ्याजवळ बसून म्हणालीस की लेकीच्या कॉलेजच्या फॉर्मवर आईचं शिक्षण लिहायची वेळ आली तेव्हा तू बाथरूममध्ये जाऊन बसलीस आणि लेकीने स्वतःच काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते तू विचारलं नाहीस. तेव्हा माझा फॉर्म भरून झाला होता बाय, दाखला माझ्या ट्रंकेत होता, तुझ्या बसायच्या जागेपासून हातभर लांब. मी बोलले नाही. ते मला सगळ्यात जास्त लागून राहिलंय.

तू माझ्यापेक्षा हुशार होतीस. आठवीत गणितात तू पहिली होतीस, मी तुझं बघून लिहायचे. मला 41 मिळतात तर तुला किती मिळतील ते तूच बघ. तुला फॅक्टरी नाही, मुंबईत क्लास आहेत, रात्रशाळा आहेत, लेक घरात शिकवायला आहे. मुंबईत बसायचं तर तिथलं संपर्क केंद्र घे. फॉर्म पावसाळ्यात निघतात, तारीख बोर्डाच्या साईटवर बघ, लेकीला बघायला सांग, तिला खरं सांगून सांग. आणि दाखल्याची काळजी करू नकोस. माझं सर्टिफिकेट आणायला जाईन तेव्हा शाळेतही जाणार आहे, रजिस्टर कुठल्या कपाटात आहे ते मला आता माहीत आहे. तुझ्या सहीचा अर्ज लागेल, तेवढा एका कागदावर लिहून फोटो पाठव, बाकी मी बाकड्यावर बसते.

गटातलं ते काम दुसरीकडे गेलं ते गेलंच, पण आता पुढच्या कशालाही मी झेरॉक्स देऊ शकते. अकरावीचं गुरुजी आतापासूनच मागे लागलेत, अजून ठरवलं नाही.

चतुर्थीला लवकर ये, आदल्या दिवशी नको, दोन दिवस आधी ये. भूगोलाचं पुस्तक तुझ्यासाठी ठेवलंय, ब्राझीलच्या नकाशावर माझ्या अंगठ्याचा काळा ठसा आहे, तो जात नाही, तेवढा चालवून घे.

आई विचारतायत तुझ्यासाठी कोकमाची सोलं ठेवायची की आगळ. कळव.

तुझीच, तूही मला म्हणतेस ती,
बाय