उज्जायीने थायरॉइड ‘जात’ नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पुरवणीत श्वसनाने आणि ध्यानाने हार्मोन्सचा समतोल कसा साधावा, यावर लेख आला होता. तो वाचून शेजारणीने लगेच विचारलं, “मग आता तुझी थायरॉइडची गोळी बंद का?” ती मी एकदा बंद करून पाहिली आहे, म्हणून हे पत्र.

मला बारा वर्षांपासून हायपोथायरॉइड आहे, म्हणजे गळ्यातली थायरॉइड ग्रंथी कमी काम करते. सकाळी अनशापोटी ७५ मायक्रोग्रॅमची गोळी आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही, हे अंगवळणी पडलं होतं. चार वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झाले आणि सकाळच्या योगवर्गाला जाऊ लागले. तिथल्या ताई मनाने फार चांगल्या. पण “उज्जायी प्राणायामात घशाला कंप बसतो, त्याने ग्रंथी जागी होते, गोळ्या म्हणजे कुबड्या” असं त्या इतक्या ठामपणे सांगायच्या की मी गोळी थांबवली. डॉक्टरांना सांगितलं नाही. घरीही नाही.

पहिले तीन आठवडे काहीच झालं नाही. उलट हलकं वाटत होतं. मी वर्गात उभं राहून तसं सांगितलं, टाळ्याही मिळाल्या. यातली गोम नंतर कळली. गोळीतलं थायरॉक्सिन हे संप्रेरक शरीरातून फार सावकाश जातं, रक्तातली मात्रा निम्मी व्हायलाच साधारण आठवडा लागतो. म्हणजे ते तीन आठवडे मी उज्जायीवर नव्हे, अंगात उरलेल्या गोळीवर काढले होते! दुसऱ्या महिन्यात चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, सकाळी अंथरुणातून उठवेना आणि ऐन वैशाखात मी शाल पांघरून बसू लागले. मुलाने बळेच रक्त तपासायला नेलं. थायरॉइडला कामाला लावणारं टीएसएच हे संप्रेरक ४६, म्हणजे हवं त्यापेक्षा कितीतरी जास्त. माझ्यासारखंच ऐकून आणखी किती जणींनी गोळी सोडली असेल, या विचाराने आजही माझ्या त्या टाळ्यांची लाज वाटते.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी टीएसएच पाठवून थायरॉइडला कामाला लावते. माझ्यासारख्या बऱ्याच जणींमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्या ग्रंथीला इजा करत असते. ग्रंथीच खराब झाली की वरून कितीही हाका मारा, ओ येत नाही. ही इजा घशाच्या कंपाने थांबत असती, तर एकाही कीर्तनकाराला थायरॉइड झालं नसतं.

एवढं होऊनही मी प्राणायाम सोडलेला नाही, कारण त्याचा उपयोग आहे; फक्त तो दुसरीकडे आहे. ताण आला की मेंदूतून निघालेला निरोप मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींपर्यंत पोचतो आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. हे कॉर्टिसॉल सकाळी सर्वात जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वात कमी असावं लागतं. (रात्री साडेअकराला सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरवरून भांडणाऱ्यांचं काय होत असेल, देव जाणे.) लांब, संथ उच्छ्वासाने शरीराला शांत करणारी व्हेगस नावाची नस कामाला लागते, नाडी मंदावते. इटलीतल्या संशोधकांनी २००१ साली दाखवलं की माळेवरची प्रार्थना किंवा मंत्र म्हणताना श्वास आपसूक मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाचा ताल सुधारतो. तो अभ्यास हृदयाचा, हार्मोन्सचा नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवं. पण सासूबाई तिन्हीसांजेला रामरक्षा का म्हणत आणि त्यानंतर त्यांचा आवाज का उतरत असे, हे मला तेव्हा उमगलं. मी रात्री दहा मिनिटं भ्रामरी करते. झोप लागते. टीएसएच गोळीने आटोक्यात आहे.

पीसीओडी (बीजकोशांचा, पाळी अनियमित करणारा विकार) असलेल्या माझ्या भाचीला मात्र मी योगाचा आग्रह करते. आंध्र प्रदेशात १५ ते १८ वर्षांच्या मुलींवर १२ आठवड्यांचा अभ्यास झाला होता. रोज तासभर योग करणाऱ्या मुलींमध्ये टेस्टोस्टेरॉनसारखी संप्रेरकं साधा व्यायाम करणाऱ्या मुलींपेक्षा जास्त उतरली, वजनात मात्र विशेष फरक पडला नाही. पण त्या तासात आसनं, प्राणायाम, शिथिलीकरण, ध्यान सगळंच होतं. नुसतं पाच मिनिटं अनुलोम-विलोम करून पाळी नियमित होते, असं त्यातून निघत नाही. पाळी जाण्याच्या वयात अंगातून निघणाऱ्या गरम वाफांचंही तसंच. उत्तर अमेरिकेतल्या रजोनिवृत्तीविषयक वैद्यकीय संघटनेने २०२३ मध्ये या त्रासासाठी संथ श्वसनाची शिफारस केली नाही. आपल्या लेखात नेमका तोच उपाय ठळक चौकटीत होता.

माझी विनंती एवढीच. २१ जूनच्या योगदिनाला आपल्याकडे असे लेख पुन्हा येतील. ते जरूर छापावेत. फक्त कपालभाती आणि भस्त्रिका गरोदर बाईने, उच्च रक्तदाब असलेल्यांनी करू नये, हे शेवटच्या ओळीत बारीक टाइपात न टाकता वर छापावं. आणि ‘डॉक्टरांना न विचारता चालू गोळी थांबवू नये’ हे वाक्य त्या ठळक चौकटीत घालावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली